परसबाग, खानदेशातील

परसबाग, खानदेशातील : घराच्या मागील वा बाजूच्या मोकळ्या जागेत, म्हणजे परसात, कुटुंबाच्या गरजेपुरता भाजीपाला, काही फळझाडे, फुलझाडे व औषधी वनस्पती लावून केलेल्या लहान बागेस परसबाग म्हणतात. प्रस्तुत नोंदीत जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील परसबाग व घराभोवतीची हिरवळ यांची कमी पाण्यात आणि रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता निगा कशी राखता येते, याची माहिती दिली आहे. हे जिल्हे म्हणजे १९०६ मध्ये विभागलेल्या खानदेशाचे अनुक्रमे पूर्व व पश्चिम भाग होत. पश्चिमेकडील नंदुरबारचा प्रदेश १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला.

परसबागेवरील बहुतेक पुस्तिका पुणे–मुंबईकडील हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्यांतील वेळापत्रक खानदेशात जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे पावसाळ्यात काहीही उगवते आणि हिवाळ्यात भाजीपाला उत्तम येतो. परंतु मार्चच्या प्रारंभापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे सु. शंभर दिवस बागेची खरी परीक्षा घेतात. या शंभर दिवसांत घरातून किती पाणी निघेल, त्यावर बागेचे क्षेत्र ठरविणे हा येथील परसबागेचा पहिला नियम होय. बाग आधी आखून नंतर पाण्याची तजवीज करणारा मे महिन्यात एक तर बाग गमावतो किंवा शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतो.

हवामान व पाणी : या भागात वार्षिक पर्जन्य सर्वसाधारणपणे ५५ ते ७५ सेंमी. असून साक्री तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागात तो यापेक्षा जास्त आहे. त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात, सु. चाळीस दिवसांत पडतो. एप्रिल–मेमध्ये दिवसाचे कमाल तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत जाते, दुपारी कोरडे उष्ण वारे वाहतात आणि उघड्या पात्रातील पाण्याची पातळी दररोज १० मिमी. हून अधिक उतरते. जळगाव शहरास वाघूर धरणातून, तर धुळे शहरास तापी नदीवरील योजना व नकाणे तलाव यांतून पाणी मिळते. तथापि खानदेशातील अनेक गावांत व शहरांत नळाला पाणी दररोज येत नाही, काही दिवसांआड येते. ते भरून ठेवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. केळीच्या बागायतीमुळे रावेर व यावल तालुक्यांतील भूजलाची पातळी कित्येक दशके खालावत गेली आहे. तेव्हा कूपनलिका आहे म्हणून पाणी विपुल आहे, असे मानण्यासही फारसा आधार राहिलेला नाही.

पाण्याचा हिशोब : एक चौ.मी. जमिनीवर एक मिमी. पाणी म्हणजे एक लिटर, एवढे लक्षात ठेवले की पुढील आकडेमोड कोणासही करता येते. मे महिन्यात हिरवे राखलेले गवत उघड्या पात्रातील बाष्पीभवनाच्या सु. सात दशांश पाणी खर्च करते, म्हणजे दर चौ.मी.ला दररोज सु. ७ लिटर. १०० चौ.मी. हिरवळीस अशा रीतीने दररोज ७०० लिटर पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. पाच माणसांच्या कुटुंबास ते ६७५ लिटर होते. म्हणजे एका कुटुंबाला पिणे, स्वयंपाक, स्नान व धुणे या सर्वांसाठी जेवढे पाणी मिळावे असे नियोजनकार मानतात, तेवढे पाणी बंगल्यापुढचा एक मध्यम आकाराचा गवताचा तुकडा पिऊन टाकतो. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ही गोष्ट केवळ आवडीनिवडीची राहत नाही.

आता उलट बाजूने पाहू. बादलीने स्नान करणाऱ्या पाच माणसांच्या घरातून स्नानाचे व भांडी–भाजी धुण्याचे मिळून दररोज सु. १५० लिटर पाणी मोरीवाटे बाहेर पडते, असे धरता येईल. जमिनीवर आच्छादन असेल, दुपारनंतर थोडी सावली मिळत असेल आणि पाणी मुळाशीच पडत असेल, तर भाजीपाल्यास मे महिन्यात दर चौ.मी.ला सु. ५ लिटर पुरतात. म्हणजे एवढ्या सांडपाण्यावर ३० चौ.मी., अर्थात ६ मी. लांब व ५ मी. रुंद एवढी बाग उन्हाळाभर जगते. त्यासाठी नळाचे किंवा विहिरीचे वेगळे पाणी लागत नाही. हिवाळ्यात याच पाण्यावर जवळजवळ दुप्पट क्षेत्र भिजते. मात्र फेब्रुवारी संपताना ते पुन्हा निम्म्यावर आणावे लागते.

पाण्याप्रमाणे क्षेत्र वाढविण्या–आटविण्याची ही रीत खानदेशास नवी नाही. पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवर बंधारे घालून पाटाने शेती भिजविणारी फड पद्धत येथे किमान तीनशे वर्षे चालत आलेली आहे. तीत बंधाऱ्याखालील जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडलेले असत; एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि त्या वर्षी नदीला पाणी किती आहे हे पाहून कोणता फड भिजवावयाचा व कोणता कोरडा ठेवावयाचा, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, असा दंडक होता. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. कोणा एकाच्या मर्जीने पाट फोडता येत नसे. परसबागेचेही असेच तीन किंवा चार वाफे–गट पाडून उन्हाळ्यात त्यांपैकी एक–दोनच भिजते ठेवावेत आणि उरलेले पालापाचोळ्याखाली झाकून विश्रांतीस सोडावेत [→ फड पद्धत].

छतावरील पाऊस : खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या सपाट छपरांवरील पाणी पन्हळांवाटे अंगणात पडत असे. आताच्या सिमेंटच्या छतांवरून ते नळीने उतरविणे सोपे आहे. १०० चौ.मी. छतावर ६० सेंमी. पाऊस पडल्यास ६०,००० लिटर पाणी पडते व गळती–बाष्पीभवन वजा जाता सु. ४८,००० लिटर हाती येते. एवढे पाणी साठविण्याची टाकी सामान्य घरास परवडत नाही. ५,००० लिटरची टाकी भरून ठेवली, तर ३० चौ.मी. बागेला ती सु. ३३ दिवस पुरते. म्हणून असे साठवण सांडपाण्याला पूरक म्हणून मेच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवावे. उरलेले पाणी वाळू–खडीच्या गाळणखड्यातून विहिरीत किंवा कूपनलिकेत मुरवावे. तथापि सर्वांत स्वस्त टाकी म्हणजे बागेची जमीनच होय. खोल काळी जमीन एक मीटर खोलीपर्यंत वनस्पतींना घेता येण्याजोगे सु. १५० मिमी. पाणी धरते; ३० चौ.मी. बागेत ते ४,५०० लिटर भरते. हे भांडे सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेले असते. प्रश्न फक्त त्यावर झाकण घालण्याचा आहे.

जमीन : तापीच्या दोन्ही काठांवरील सपाट प्रदेशात खोल काळी कसदार जमीन आहे, तर धुळे जिल्ह्याच्या दक्षिण व पश्चिम भागांत आणि टेकड्यांच्या उतारांवर उथळ, मुरमाड जमीन आढळते. काळ्या जमिनीतील चिकणमातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे विपुल असतात. ती पाण्याने फुगतात व वाळताना आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीस हात–हातभर खोल भेगा पडतात, या भेगांतून खालच्या थरांतील ओल उडून जाते आणि कोवळी मुळे तुटतात. भेगा पडल्यावर दिलेले पाणी मुळांना न मिळता सरळ खाली उतरते. याउलट पावसाळ्यात हीच जमीन चिबडते आणि मुळे हवेअभावी गुदमरतात. म्हणून काळ्या जमिनीत गादीवाफे सु. १५ सेंमी. उंच करावेत, मुरमाड जमिनीत मात्र वाफे थोडे खोलगट ठेवावेत. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात चार–पाच दिवसांनी भरपूर पाणी द्यावे; मुरमाड जमिनीस दिवसाआड थोडे थोडे द्यावे लागते. पाणी द्यावे की नाही हे वरच्या थराच्या रंगावरून ठरवू नये. बोटभर खालची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा गोळा होत असेल, तर पाणी देण्याची वेळ आलेली नाही.

या जमिनी बहुधा अल्कधर्मी असून त्यांत चुनखडीचे खडे आढळतात. अशा जमिनीत लोह असूनही ते वनस्पतींना घेता येत नाही. त्यामुळे लिंबू, जास्वंद, गुलाब इत्यादींची नवी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे भुकेचे लक्षण समजून युरिया टाकण्याची प्रथा आहे. तिने झाड काही दिवस तरारते, परंतु मूळ दोष जात नाही. चांगले कुजलेले खत खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली मिसळत राहणे आणि जादा पाणी थांबविणे, हा यावरील टिकाऊ उपाय आहे.

आच्छादन : वर उल्लेखिलेले झाकण ते हेच. गव्हाचा भुसा, ज्वारीच्या कडब्याचे उरलेले धांडे, वाळलेला पाला, गवताची कापणी यांपैकी जे मिळेल त्याचा ७ ते १० सेंमी. जाडीचा थर झाडांभोवती पसरावा. सूर्यकिरण व वारा यांचा जमिनीशी थेट संबंध तुटल्याने बाष्पीभवन पुष्कळ कमी होते, जमिनीचे तापमान उतरते, भेगा पडत नाहीत व तणही कमी उगवते. खानदेशात या कामासाठी दोन जिन्नस फुकटात मिळतात. एक, केळीची वाळलेली पाने व खोडाचे चिरलेले तुकडे. केळीचे खोड बरेचसे पाण्याचेच असते, ते कुजताना वाफ्यास ओल व पालाश देते. दुसरा जिन्नस म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या. त्या चुलीत जातात किंवा शेतातच जाळल्या जातात. बारीक तोडून त्या फळझाडांच्या आळ्यात घातल्यास वर्षभर टिकतात. पऱ्हाट्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहू शकते, म्हणून बोंडे काढून टाकल्याखेरीज त्या घराशी आणू नयेत. आच्छादन खोडाला टेकवू नये. चार बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे वाळवी व बुरशी यांचा उपद्रव होत नाही.

जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागेभोवती उष्ण व थंड वारे अडविण्यासाठी शेवरी किंवा गजराज गवत यांचे दाट कुंपण करतात. परसबागेच्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंस असाच आडोसा केल्यास दुपारच्या झळा थेट भाजीपाल्यावर येत नाहीत. शेवगा या जागी विशेष उपयुक्त ठरतो, कारण त्याची सावली विरळ असते व पाला–शेंगा खाण्यास मिळतात. एवढा आडोसा नसेल, तर एप्रिल–मेमध्ये जुन्या साड्या किंवा गोणपाट बांधून दुपारपुरती सावली करावी.

पाणी देण्याच्या पद्धती : नळीने धार सोडणे ही सर्वांत सोपी व सर्वांत उधळी पद्धत होय. मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ व केळ लावण्याची जुनी महाराष्ट्रीय रीत याहून शहाणपणाची आहे. या वनस्पती ओल सोसतात आणि सांडपाण्याची घाण बऱ्याच अंशी रिचवितात. मोरीचे पाणी पुढे वाफ्यात न्यावयाचे असल्यास ते प्रथम वाळू–खडी भरलेल्या लहान खड्यातून जाऊ द्यावे, त्याच दिवशी वापरावे आणि पालेभाज्यांच्या पानांवर न टाकता जमिनीत सोडावे. कच्च्या खावयाच्या कोथिंबीर, मुळा, गाजर यांना ते देऊ नये. कपडे धुण्याच्या भुकटीचे पाणी शक्यतो वगळावे. त्यातील सोडियमामुळे काळ्या मातीचे कण विलग होऊन जमीन घट्ट व पाणी न मुरणारी बनते आणि हा दोष काही वर्षांनी दिसू लागला, तरी लवकर जात नाही. शिकेकाई, रिठे यांच्या पाण्याचा असा त्रास होत नाही.

वेलवर्गीय भाज्यांसाठी मडक्याने पाणी देण्याची पद्धत उत्तम आहे. न झिलविलेले, कच्च्या रंगाचे ५ ते ७ लिटरचे सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरतात व तोंडावर झाकणी ठेवतात. सभोवतालची माती कोरडी होईल तसे पाणी मडक्याच्या भिंतीतून झिरपते. माती ओली झाली की झिरपणे आपोआप मंदावते. झाडाला लागेल तेवढेच पाणी देणारे यापेक्षा साधे साधन नाही. चीनमधील फान शंग-जृ या कृषितज्ञाच्या इ. स. पू. पहिल्या शतकातील ग्रंथात अशा पुरलेल्या मडक्याभोवती खरबुजे लावण्याचे वर्णन आहे. एका मडक्याभोवती गिलके, दोडके, कारले किंवा दुधी यांचे तीन–चार वेल पोसतात व मडके दोन–तीन दिवसांनी भरावे लागते. क्षारयुक्त पाण्याने मडक्याची छिद्रे बुजतात. अशी मडकी हंगाम संपल्यावर काढून, घासून, उन्हात वाळवावीत.

ठिबक सिंचनाचे आधुनिक तंत्र इझ्राएलमध्ये सिम्खा ब्लास या अभियंत्याने विकसित केले व १९६० नंतर ते जगभर पसरले. भारतात त्याच्या प्रसारात जळगावचा वाटा मोठा आहे. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी स्थापिलेल्या जैन इरिगेशन या उद्योगाने १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात येथे ठिबक संचांचे उत्पादन हाती घेतले आणि केळी व कापूस यांच्या शेतीत ते रुजले. त्यामुळे ठिबकच्या नळ्या व तोट्या खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, तुकडे जोडणारा माणूसही मिळतो. परसबागेसाठी पंपाची गरज नाही. दीड मीटर उंचीच्या ओट्यावर २०० लिटरचे पिंप ठेवून त्यास गाळणी व नळी जोडावी. या उंचीचा दाब शेतातील संचाच्या दाबापेक्षा फार कमी असल्याने बाजारातील तोट्या त्यांवर लिहिलेल्या मानाने पाणी देत नाहीत. त्याऐवजी बारीक नळ्यांचे तुकडे बसवावेत. ते तुंबल्यास तारेने साफही करता येतात. एक सूचना आवश्यक आहे : ठिबकमुळे पाणी आपोआप वाचत नाही. नळ उघडा ठेवून विसरल्यास ठिबकनेही तितकेच पाणी वाया जाते, फक्त ते दिसत नाही [→ ठिबक सिंचन].

हिरवळ : कापून सपाट ठेवलेली हिरवळ ही वर्षभर पाऊस पडणाऱ्या थंड देशांतील बागांची देणगी होय. ब्रिटिश अमदानीत ती बंगल्यांभोवती आली व आता शहरांबाहेरील नव्या वसाहतींत प्रतिष्ठेची खूण बनली आहे. खानदेशात बारमाही हिरव्या गालिच्याचा आग्रह सोडणे हेच शहाणपणाचे. मुलांना खेळण्यासाठी, सणासमारंभासाठी थोडी हिरवळ हवी असल्यास ती २० ते २५ चौ.मी. पुरे, आणि ती हरळीची असावी. गणपतीस वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या याच गवताच्या. हरळीची मुळे खोल जातात. पाणी तुटले की ती पिवळी पडून निजते व पहिल्या पावसाने पुन्हा हिरवी होते. उन्हाळ्यात तिला हिरवे ठेवण्यासाठी नव्हे, तर केवळ जिवंत राहण्यासाठी दोन–तीन आठवड्यांनी एकदा खोल पाणी दिले तरी चालते. विदेशी मऊ गवतांना ही मुभा नसते. एक आठवडा पाणी चुकले, तर ती ठिगळाठिगळांनी मरतात. हरळी उन्हाळ्यात ५ सेंमी. पेक्षा खाली कापू नये आणि कापलेले गवत तेथेच पसरू द्यावे, त्यातील नायट्रोजन जमिनीस परत मिळतो. भाजीच्या वाफ्यात मात्र हरळी हे चिवट तण असल्याने दोहोंमध्ये विटांची खोल कड घालणे अगत्याचे आहे. उरलेल्या अंगणात मुरूम ठोकून एखादा कडुनिंब लावल्यास मे महिन्याच्या संध्याकाळी त्या जागेत बसता येते. हिरवळीवर बसण्यासाठीही सावली लागतेच.

खत : घरातील ओला कचरा, पाला व शेण यांपासून खत करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत खानदेशच्या शेजारीच, इंदूर येथे, ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात सिद्ध केली, ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ती जगभर ओळखली जाते. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवतराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्यात थोडे शेण, पुष्कळ काडीकचरा व माती यांचे थर देऊन खत करण्याची रीत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. शेण कमी व काडीकचरा जास्त असणाऱ्या घरांना ती अधिक सोयीची आहे. मूळ टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. परसबागेस त्याचा चौथा हिस्सा पुरतो. खानदेशात उघडा ढीग उन्हाळ्यात कुजण्याऐवजी वाळून जातो. म्हणून या काळात खत सावलीतील खड्यात करावे व दर आठवड्यास मोरीच्या पाण्याने शिंपावे. पावसाळ्यात खड्यात पाणी साचते, तेव्हा ढीग करावा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ३० चौ.मी. बागेस वर्षाकाठी सु. १०० किग्रॅ. खत मिळाले, तर वेगळ्या खताची सहसा गरज पडत नाही. जीवामृत, पंचगव्य इ. द्रावणांचा अलीकडे मोठा बोलबाला आहे. त्यांतील पोषकद्रव्यांचे प्रमाण अल्प असते. जमिनीत सेंद्रिय पदार्थ भरपूर असल्यास त्यांचा उपयोग होतो, उघड्या कोरड्या जमिनीवर ती शिंपडून काही साधत नाही.

कीड व रोग : खानदेश हा कापसाचा प्रदेश असल्याचा परसबागेवर जो परिणाम होतो, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. भेंडी, जास्वंद व अंबाडी या कापसाच्याच कुलातील वनस्पती होत. शेतातील कापूस डिसेंबर–जानेवारीनंतर उपटला की त्यावरील पांढरी माशी, तुडतुडे व पिठ्या ढेकूण घराजवळच्या हिरव्या झाडांकडे वळतात. २००५ नंतर भारतात आलेला कापसावरील पिठ्या ढेकूण जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा दिसतो, तो असाच आलेला पाहुणा होय. म्हणून उन्हाळी भेंडी शेताच्या कडेच्या घरांत घेऊ नये किंवा थोडीच घ्यावी. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण प्रारंभीच पाण्याच्या जोरदार धारेने झाडून टाकावा, किडलेले शेंडे कापून पुरावेत आणि त्याची ने–आण व राखण करणाऱ्या मुंग्यांची वारुळे हटवावीत.

याहून गंभीर परिणाम म्हणजे शेतातील विषारी औषधे परसात येणे. फवारणीतून उरलेले अर्धी बाटली औषध घरच्या वांग्यावर वा कारल्यावर मारले जाते आणि तीच भाजी दोन दिवसांनी ताटात येते. मोनोक्रोटोफॉस हे कापसावर सर्रास वापरले गेलेले कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास भारत सरकारने २००५ मध्ये मनाई केली; परंतु परसातल्या फवारणीवर कोणी देखरेख करीत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ज्या द्रव्यांनी धडधाकट माणसे मोकळ्या शेतात मरू शकतात, ती द्रव्ये मुले खेळतात त्या अंगणात वापरण्याचे समर्थन कोणत्याही किडीच्या नावाने करता येणार नाही. शेतातील औषधांच्या रिकाम्या बाटल्या व पिंपे पाणी साठविण्यासाठी वापरणेही तितकेच घातक आहे.

कडुनिंब खानदेशात जागोजाग आहे. त्याच्या बियांतील ॲझाडिरॅक्टीन व तत्सम द्रव्यांमुळे कीटक खाणे सोडतात व त्यांची वाढ खुंटते. १९६२ मध्ये दिल्लीवर टोळधाड आली, तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचे पाणी फवारलेली पिके टोळांनी खाल्ली नाहीत, असे दाखवून दिले. पावसाळ्याच्या तोंडी गळणाऱ्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बी सावलीत वाळवून ठेवावे. ५० ग्रॅ. बियांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून व चिमूटभर साबण मिसळून ते पाणी पानांच्या खालच्या बाजूंवर सायंकाळी फवारावे. उन्हात त्यातील क्रियाशील द्रव्य लवकर नाश पावते. सकाळी दहा वाजता फवारून ‘निंबोळीने काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ आढळतात. तंबाखूचा काढा मात्र वनस्पतिजन्य असला, तरी निरुपद्रवी नव्हे. निकोटीन हे जहाल विष असून ते कातडीतूनही शरीरात शिरते.

वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीस फवारणीपेक्षा हाताने आवरणे सोपे असते. मान टाकलेला प्रत्येक शेंडा व छिद्र पडलेले प्रत्येक फळ आठवड्यातून दोनदा तोडून नष्ट करावे. वेलभाज्यांची कोवळी फळे कागदी पिशवीत झाकल्यास फळमाशी अंडी घालू शकत नाही. उन्हाळ्यातील लाल कोळी धूळ व कोरडेपणा यांमुळे वाढतात. पानांच्या खालून पाणी शिंपडले, तर ते बऱ्याच अंशी हटतात. हिवाळ्यात भोपळा–वाटाण्यावर येणाऱ्या भुरीवर एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांच्या फवाऱ्याचा उपयोग होतो, असे ब्राझीलमधील १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले आहे. झेंडूच्या मुळांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी सूत्रकृमी आटोक्यात राहतात. दसऱ्यानंतर झेंडू उपटून फेकण्याऐवजी वाफ्यातच चिरून गाडावा. माव्याच्या थव्यात ठिपक्यांचे लाल भुंगेरे व त्यांच्या काळ्या अळ्या दिसल्यास काहीही फवारू नये, त्या मावाच खात असतात.

पिके व हंगाम : पावसाळ्यात न पेरताही तांदुळजा, घोळ, टाकळा, केना या भाज्या उगवतात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा गावी रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरविली जाते, तीत अशा किती वनस्पती खाद्य आहेत याचे प्रत्यक्ष दर्शन घडते. परसातील हे ‘तण’ उपटण्यापूर्वी ओळखून घ्यावे. मृगात गिलके, दोडके, कारले, डांगर, चवळी व मिरची लावावी. ऑक्टोबरात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कांदापात व टोमॅटो. उन्हाळ्यात पोकळा, चवळी, मडक्यावरचे एक–दोन वेल व जुनी मिरची एवढ्यावर थांबावे. लिंबू, कढीपत्ता, शेवगा व सीताफळ ही झाडे तिसऱ्या वर्षानंतर फार पाणी मागत नाहीत. पपई व केळ मोरीपाशीच ठीक.

खानदेशी परसबागेत भरताचे वांगे असावेच. फिकट हिरव्या रंगाचे, मोठे, कमी बियांचे हे वांगे यावल तालुक्यातील बामणोद व आसपासच्या गावांचे विशेष होय. २०१६ मध्ये ‘जळगावचे भरीत वांगे’ या नावाने त्यास भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. रोपे पावसाळ्यात लावल्यास फळे हिवाळाभर मिळतात व भरताचा हंगामही तोच असतो. बियाण्यासाठी निरोगी झाडावरील दुसऱ्या–तिसऱ्या तोडीचे एक फळ राखून ते पूर्ण पिवळे होईपर्यंत झाडावरच ठेवावे, बी धुऊन सावलीत वाळवावे आणि राखेत मिसळून कोरड्या मडक्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवावे. जवळच दुसऱ्या जातीचे वांगे असल्यास कीटकांमुळे संकर होतो. त्यासाठी राखलेल्या फांदीस कळी उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधावी. वांग्याची फुले पिशवीतही स्वतःच्या परागांनी फळतात. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे भाजी तोडताना बियाण्याचे फळ चुकून पातेल्यात जात नाही.